एकतीस एकांची संख्या

काही वर्षांपूर्वी मी हिंजवडीतल्या एका कंपनीत काम करत असताना एका रात्री तिथल्या यंत्रणेने नव्या नोंदी घेणे अचानक बंद केले. सर्व्हर चालू होता, डिस्कवर जागा होती, नेटवर्कमध्ये बिघाड नव्हता. फक्त प्रत्येक नोंदीला पुढचा क्रमांक देणारा रकाना २१४७४८३६४७ या संख्येपाशी येऊन थांबला होता आणि त्यापुढचा क्रमांक त्याला लिहिता येत नव्हता. रकाना मोठा करून पहाटेपर्यंत काम पूर्ववत झाले. शेजारी बसलेल्या तरुण सहकाऱ्याला ही संख्या तोंडपाठ होती, कारण प्रोग्रॅम लिहिणाऱ्या प्रत्येकाची तिच्याशी कधी ना कधी गाठ पडतेच; पण ती मूळ संख्या आहे, म्हणजे १ आणि ती स्वतः यांखेरीज तिला कशानेही नि:शेष भाग जात नाही, हे त्याने कधी ऐकले नव्हते. ही गोष्ट कोणी आणि कशी शोधून काढली, हे त्याला सांगता सांगता उजाडले. हल्ली कोथरूडला शनिवारी संध्याकाळी काही शाळकरी मुले माझ्याकडे गणितासाठी येतात, त्यांच्यासमोरही फळ्यावर ही संख्या मी अनेकदा लिहिली आहे. या लेखात तिचीच ओळख करून द्यायची आहे.

आपल्या पद्धतीने स्वल्पविराम दिले तर ती २,१४,७४,८३,६४७ अशी दिसते: दोनशे चौदा कोटी, चौऱ्याहत्तर लाख, त्र्याऐंशी हजार, सहाशे सत्तेचाळीस. या दहा अंकांत काहीच विशेष जाणवत नाही. मात्र संगणक ज्या द्विमान पद्धतीने, म्हणजे केवळ ० आणि १ हे दोनच अंक वापरून संख्या लिहितो, त्या पद्धतीत ती लिहिली की एकापुढे एक असे बरोबर ३१ एक येतात, मध्ये एकही शून्य येत नाही. दशमान पद्धतीत ९९९ ही संख्या जशी १००० पेक्षा एकाने कमी असते, तशीच ही संख्या २ च्या ३१व्या घातापेक्षा एकाने कमी आहे. तिचे जवळजवळ सगळे गुण या 'एकाने कमी' असण्यातून निघतात.

संगणकाची मर्यादा तिच्यापाशीच का येते, याचे उत्तरही त्यातच आहे. पूर्णांक साठवण्यासाठी बराच काळ ३२ घरांचा रकाना वापरण्याची पद्धत होती आणि आजही ती पुष्कळ ठिकाणी आहे. त्यातले एक घर संख्या धन आहे की ऋण हे सांगण्यात जाते. उरलेल्या ३१ घरांत सर्वत्र १ भरला की रकान्यात मावणारी सर्वांत मोठी संख्या तयार होते. जुन्या पद्धतीच्या यंत्रणा १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद अशाच रकान्यात मोजतात, त्यामुळे १९ जानेवारी २०३८ रोजी, मंगळवारी, पुण्यात सकाळचे ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंद झालेले असताना त्यांच्या मोजणीत हीच संख्या आलेली असेल. पुढच्याच सेकंदाला ज्या यंत्रणा बदललेल्या नसतील, त्यांना आपण १९०१ सालात आहोत असे वाटेल.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. मर्यादा ३१ एकांची आहे याला संगणकाची रचना कारण आहे. ती मर्यादा मूळ संख्या निघाली, हा मात्र योग आहे. ८ घरांच्या रकान्यात मावणारी सर्वांत मोठी संख्या १२७ आहे आणि ती मूळ आहे. १६ घरांच्या रकान्यातली सर्वांत मोठी संख्या ३२७६७ आहे, पण ती ७ × ३१ × १५१ अशी फुटते. आजच्या ६४ घरांच्या रकान्यातली सर्वांत मोठी संख्या १९ अंकी आहे आणि तिलाही ७ ने भाग जातो.

या संख्या का फुटतात, हे भागाकार न करताही दिसते. आपल्या नेहमीच्या पद्धतीत १११११११११ ही नऊ एकांची संख्या घ्या आणि तिचे तीन-तीन एकांचे गट पाडा: १११, १११, १११. गट समान आहेत, म्हणून संपूर्ण संख्या १११ × १००१००१ इतकी होणारच. द्विमान पद्धतीतही नेमके हेच घडते. पंधरा एकांचे तीन-तीनचे पाच गट पडतात, त्यामुळे द्विमान १११ ने, म्हणजे आपल्या ७ ने, त्या संख्येला भाग जाणे अटळ आहे. त्रेसष्ट एकांचे तीन-तीनचे एकवीस गट पडतात आणि तिथेही ७ येतो. एकतीस एकांचे समान गट मात्र पाडताच येत नाहीत, कारण ३१ ही स्वतःच मूळ संख्या आहे. नुसत्या एकांनी बनलेली द्विमान संख्या मूळ असायची असेल, तर त्या एकांची मोजदादही मूळ संख्येत यायला हवी.

वर्गात येथपर्यंत आलो की एखादी मुलगी हटकून विचारते, "सर, मग मूळ संख्येइतके एक लिहिले की झालं का?" उत्तर नाही असे आहे. अकरा एक लिहिले की २०४७ मिळतात आणि ११ मूळ असूनही २०४७ = २३ × ८९. मारँ मर्सेन या फ्रेंच धर्मगुरूंनी १६४४ मध्ये अशा घातांकांची एक यादी प्रसिद्ध केली होती आणि २५७ पर्यंत कोणकोणते घातांक मूळ संख्या देतात, हे तीत सांगितले होते. अशा संख्यांना 'मर्सेन संख्या' हे नाव त्यांच्यावरूनच पडले. यादीत ६७ आणि २५७ हे चुकीचे घातांक होते आणि ६१, ८९, १०७ हे राहून गेले होते. त्या काळात इतक्या मोठ्या संख्या पडताळण्याचे साधन नव्हते, हे पाहता यादीचे मला आश्चर्यच वाटते. ३१ हा घातांक यादीत होता आणि तो बरोबर होता, पण त्याची सिद्धता मिळायला आणखी सव्वाशेहून अधिक वर्षे जावी लागली.

ती लिओनार्ड ऑयलर यांनी दिली. १७७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, बर्नुली यांना लिहिलेल्या एका पत्रात त्यांनी २१४७४८३६४७ ही मूळ संख्या असल्याचे कळवले. त्या वेळी ते सेंट पीटर्सबर्गला होते, वयाची पासष्टी गाठत होते आणि त्यांची दृष्टी जवळजवळ गेलेली होती. एखादी संख्या मूळ आहे की नाही हे तपासण्याचा शाळेतला मार्ग म्हणजे तिच्या वर्गमूळापर्यंतच्या प्रत्येक मूळ संख्येने भागून पाहणे. आपल्या संख्येचे वर्गमूळ ४६३४० पेक्षा थोडे अधिक आहे आणि तिथपर्यंत सुमारे ४८०० मूळ संख्या येतात. दहा अंकी संख्येला तितक्या वेळा हाताने भागायचे, तेही एकही चूक न करता! ऑयलर यांनी त्याऐवजी एक वेगळा प्रश्न विचारला: या संख्येला जर कोणी विभाजक असेलच, तर तो दिसेल कसा?

त्यांचा विचार समजून घेण्यासाठी २०४७ चा विभाजक २३ घेऊ. २ चे घात एकामागून एक काढायचे आणि प्रत्येक वेळी २३ ने भागून उरणारी बाकी तेवढी लिहायची. २, ४, ८, १६ येथपर्यंत सरळ आहे, १६ ची दुप्पट ३२, तिच्यातून २३ गेले की ९, मग १८, मग ३६ मधून २३ गेले की १३, पुढे ३, ६, १२ आणि शेवटी २४ मधून २३ गेले की १. अकराव्या पायरीला १ आला, म्हणजे येथून पुढे तीच माळ पुन्हा फिरणार. आता फर्मा यांचा एक सिद्धांत असा आहे की २ पेक्षा मोठी कोणतीही मूळ संख्या घेतली, तर तिच्यापेक्षा एकाने कमी इतक्या पायऱ्यांनंतर ही माळ १ वर आलेली असतेच. २३ च्या बाबतीत त्या पायऱ्या २२ होतात आणि अकराच्या दोन फेऱ्या मिळून त्या बरोबर पूर्ण होतात. फेरीची लांबी ११ असल्यामुळे २२ ला ११ ने भाग जाणे भागच होते. ८९ मध्येही तेच दिसते, कारण ८८ म्हणजे अकराच्या आठ फेऱ्या.

हाच तर्क आता ३१ ला लावावा. समजा एखादी मूळ संख्या २१४७४८३६४७ ला नि:शेष भागते. मग तिने भागल्यावर २ च्या ३१व्या घाताची बाकी १ उरणार, म्हणजेच माळ ३१व्या पायरीला १ वर येणार. फेरीची लांबी ३१ ला भागणारी असायला हवी. ३१ मूळ असल्यामुळे ती १ किंवा ३१ एवढीच असू शकते, आणि १ तर शक्य नाही, कारण पहिल्याच पायरीला २ असतो. म्हणून फेरी ३१ चीच आहे. याचा अर्थ, विभाजकातून १ वजा केला की उरणारी संख्या ३१ च्या पटीत असणार; शिवाय विभाजक विषम असल्यामुळे ती समही असणार, म्हणजे ६२ च्या पटीत असणार. एवढ्या एका विचाराने हजारो उमेदवार बाद होतात.

ऑयलर यांना आणखी एक चाळणी सापडली. विभाजकाने भागल्यावर २ च्या ३१व्या घाताची बाकी १ उरते, म्हणून ३२व्या घाताची बाकी २ उरते. पण ३२वा घात म्हणजे १६व्या घाताचा वर्ग आणि १६वा घात आहे ६५५३६. म्हणजे बाक्यांच्या या हिशेबात ६५५३६ चा वर्ग २ इतका होतो. ज्या विषम मूळ संख्यांच्या हिशेबात २ हा कशाचा तरी वर्ग ठरतो, त्यांना ८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ७ च उरते. दोन्ही अटी एकत्र केल्या की विभाजकाला दोनच रूपे उरतात: २४८ च्या पटीत १ मिळवलेली संख्या, नाहीतर २४८ च्या पटीत ६३ मिळवलेली संख्या. ४६३४० पर्यंत अशा संख्या ३७३ आहेत आणि त्यांतही बहुतेक संयुक्त आहेत, त्यामुळे प्रत्यक्ष भागून पाहण्याजोग्या मूळ संख्या शंभराच्या आतच राहतात.

त्यांतली सर्वांत लहान मूळ संख्या ३११ आहे. मुलांना मी हा एक भागाकार वहीत करायला लावतो: ३११ ने भागल्यावर भागाकार ६९०५०९२ येतो आणि बाकी ३५ उरते. भाग जात नाही. ऑयलर यांनी उरलेल्या साऱ्या उमेदवारांचा असाच निकाल लावला आणि एकानेही भाग गेला नाही. ४८०० भागाकारांचे काम शंभराच्या आत आणणारी ही युक्ती मला त्या निकालाहूनही मोलाची वाटते. पुढे कित्येक दशके माहीत असलेल्या मूळ संख्यांमध्ये हीच सर्वांत मोठी होती.

याच संख्येतून आणखी एक मोठी संख्या तयार होते. ६ चे स्वतःखेरीजचे विभाजक १, २, ३ आहेत आणि त्यांची बेरीज पुन्हा ६ च येते. २८ चेही तसेच आहे. अशा संख्यांना परिपूर्ण संख्या म्हणतात. मर्सेन मूळ संख्येला तिच्या निकटच्या लहान २ च्या घाताने गुणले की परिपूर्ण संख्या मिळते, हे युक्लिडला माहीत होते; ३ × २ = ६ आणि ७ × ४ = २८. प्रत्येक सम परिपूर्ण संख्या याच रूपाची असते, हे सिद्ध केले तेही ऑयलर यांनीच. आपल्या संख्येपासून मिळणारी परिपूर्ण संख्या २३०५८४३००८१३९९५२१२८ ही आहे. १८११ मध्ये पीटर बार्लो या इंग्रज गणितज्ञाने असे लिहून ठेवले की, याहून मोठी परिपूर्ण संख्या कधी सापडायची नाही, कारण अशा संख्यांचा उपयोग काहीच नसून त्या केवळ कुतूहलाच्या असल्यामुळे तिच्या पलीकडची संख्या शोधण्याचे कष्ट कोणी घेणार नाही. कुतूहलाच्या ताकदीचा त्याचा अंदाज साफ चुकला.

उपयोगाबद्दलही त्याचे म्हणणे खरे ठरले नाही. त्यासाठी आपल्या घराघरांत जुन्या पिढीला येणारा नवाचा ताळा आठवावा लागेल. ४७३८ ला ९ ने भागल्यावर बाकी किती, हे सांगायला भागाकाराची गरज नसते. अंकांची बेरीज २२ आणि पुन्हा बेरीज ४, म्हणजे बाकी ४. हे जमते, कारण १० मध्ये ९ पेक्षा एकच जास्त आहे. ९९९ साठी तीन-तीन अंकांचे गट घेऊन तसाच ताळा करता येतो: ४ + ७३८ = ७४२. आपली संख्या २ च्या ३१व्या घातापेक्षा एकाने कमी असल्यामुळे द्विमान पद्धतीत ३१-३१ अंकांचे गट पाडून त्यांची बेरीज केली की भागाकार न करताच बाकी हाती येते. संगणकाला भागाकार महाग पडतो, बेरीज स्वस्त पडते, आणि म्हणूनच हा ताळा त्याच्या फार कामाचा आहे.

यादृच्छिक भासणाऱ्या संख्या तयार करण्याची एक प्रसिद्ध रीत याच गोष्टीवर उभी आहे. १ पासून सुरुवात करायची, दरवेळी ७ च्या पाचव्या घाताने, म्हणजे १६८०७ ने गुणायचे आणि २१४७४८३६४७ ने भागून उरलेली बाकी घ्यायची. पहिल्यांदा १६८०७, मग २८२४७५२४९, मग १६२२६५००७३, असे आकडे येत राहतात आणि त्यांत कोणताही क्रम डोळ्यांना दिसत नाही. तरीही ही माळ १ पासून २१४७४८३६४६ पर्यंतच्या प्रत्येक संख्येला एकदाच भेट देते आणि मगच १ वर परत येते. कुठेही मध्येच अडकत नाही, एकही संख्या वगळत नाही. भाजक मूळ नसता तर इतकी पूर्ण फेरी मिळाली नसती. स्टीव्हन पार्क आणि कीथ मिलर यांनी १९८८ मध्ये ही रीत किमान मानक म्हणून सुचवली आणि नंतर ती पुष्कळ सॉफ्टवेअरमध्ये वापरली गेली. पासवर्ड किंवा बँकेचे व्यवहार यांच्या सुरक्षिततेसाठी मात्र ती चालत नाही, कारण एक संख्या कळली की पुढच्या सगळ्या काढता येतात.

बार्लोच्या भाकितानंतर शोध थांबला नाही, याचे मोठे श्रेय एदुआर लुका यांना जाते. त्यांनी १८७६ मध्ये २ च्या १२७व्या घातापेक्षा एकाने कमी असलेली ३९ अंकी संख्या मूळ असल्याचे दाखवले, तेही एकाही विभाजकाच्या मागे न लागता. डेरिक लेमर यांनी १९३० च्या सुमारास त्या पद्धतीला आजचे सुटसुटीत रूप दिले. ऑक्टोबर २०२४ मध्ये ल्यूक ड्युरंट यांना सापडलेली आणि आज सर्वांत मोठी म्हणून ज्ञात असलेली मूळ संख्याही मर्सेन संख्याच आहे. तिचा घातांक १३६२७९८४१ आहे आणि ती लिहायला ४१०२४३२० अंक लागतात. तिची खात्री पटवण्यासाठीही लुका आणि लेमर यांचीच कसोटी वापरली गेली.

कसोटी इतकी साधी आहे की ती सहावीतल्या मुलांनाही करता येते. ४ पासून सुरुवात करायची. प्रत्येक पायरीला वर्ग करून २ वजा करायचे आणि आपल्या संख्येने भागून उरलेली बाकी घ्यायची. घातांकापेक्षा दोनने कमी इतक्या पायऱ्यांनंतर बाकी शून्य आली तर संख्या मूळ, अन्यथा संयुक्त. पाच एकांची संख्या, म्हणजे ३१, तपासून पाहू. ४ चा वर्ग १६, वजा २, म्हणजे १४. १४ चा वर्ग १९६, वजा २, म्हणजे १९४; १९४ म्हणजे बत्तीसचे सहा गट आणि वर २, म्हणून ताळ्याने ६ + २ = ८. ८ चा वर्ग ६४, वजा २, म्हणजे ६२, आणि ६२ म्हणजे ३१ ची दुप्पट. तिसऱ्या पायरीला शून्य आले. ३१ मूळ आहे. हीच कसोटी २०४७ ला लावली तर नवव्या पायरीला १७३६ उरतात, म्हणून ती संयुक्त आहे. मात्र तिचे विभाजक कोणते, हे कसोटी सांगत नाही.

२१४७४८३६४७ साठी २९ पायऱ्या लागतात. ४, १४, १९४, ३७६३४, १४१६३१७९५४ येथपर्यंत ताळ्याची गरजही पडत नाही. त्यानंतर आकडे भाजकाच्या पुढे जातात आणि पाचव्या पायरीपासून बाकी घेत जावे लागते. गेल्या हिवाळ्यात वर्गातल्या सात मुलांनी या पायऱ्या वाटून घेतल्या, प्रत्येकाचे उत्तर दुसऱ्याने तपासले आणि दोन शनिवार त्यात गेले. मधले आकडे कसलाही सुगावा लागू देत नाहीत: ६६९६७०८३८, १९३७२५९४१९, ४२५४१३६०२, असे ते वरखाली होत राहतात. सत्ताविसाव्या पायरीला ११८१५३६७०८ आले. अठ्ठाविसावी पायरी सोडवणाऱ्या मुलीने उत्तर लिहिले आणि ते फारच लहान आल्यामुळे कुठेतरी चुकले असे समजून ती खोडायला निघाली. उत्तर होते ६५५३६. मी तिला खोडू दिले नाही आणि शेवटची पायरी फळ्यावर करायला सांगितली. ६५५३६ चा वर्ग ४२९४९६७२९६. त्यातून २ वजा केले की ४२९४९६७२९४. आणि ही २१४७४८३६४७ ची बरोबर दुप्पट आहे.